तिथं आपलं कोण आहे?

आमच्याकडे सुट्टी शाळेच्या आधी कारखाना ठरवतो. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडला, तोडीच्या टोळ्या आपापल्या गावाला निघाल्या, खोडव्याला पाणी बसलं, की मग जेवताना कुणीतरी हळूच विषय काढतं, ‘यंदा कुठं जायचं का?’ उसाचं बिल जमा झालेलं असतं, सोसायटीचं कर्ज वळतं झालेलं असतं आणि लग्नाच्या दोन तिथींमध्ये थोडी फट सापडते. सुट्टी म्हणजे ती फट.

लासुर्णे बारामती-इंदापूर रस्त्यावर आहे. बारामतीकडून येताना काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी आणि मग आम्ही; पुढे जंक्शन, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर. वालचंदनगर जवळच. तिथल्या कारखान्यात उपग्रह सोडणाऱ्या रॉकेटचे भाग तयार झालेले आहेत, हे आम्ही पाहुण्यांना हटकून सांगतो, कारण प्रेक्षणीय म्हणून दाखवावं असं गावात दुसरं फारसं नाही. सहलीला म्हणून इथे कुणी येत नाही. आम्हीच बाहेर जातो, आणि जाताना घरातलं म्हातारं माणूस एकच प्रश्न विचारतं : ‘तिथं आपलं कोण हाय?’

हा प्रश्न भाबडा वाटतो, पण त्यात प्रवासाची सगळी व्यवस्था सामावलेली होती. पुण्याला मावशी असायची, मुंबईला गिरणीतला चुलता. तुळजापूरला पिढीजात पुजारी. त्याच्या वाड्यात उतरायचं, त्याच्याच घरी जेवायचं, आणि त्याच्या वहीत आपल्या पणज्याचं नाव सापडायचं. पंढरपूरला फडाचा मठ ठरलेला. कुणाकडेच गाद्या मऊ नव्हत्या. मावशीच्या दोन खोल्यांत चौदा माणसं झोपायची, आणि मठातल्या मोरीबद्दल न बोललेलंच बरं. तरी तिथून परतल्यावर ‘फसवलं’ असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. गैरसोय झाली तर ती कुणामुळे झाली आणि कुणाला सांगायची, हे माहीत असायचं.

गेल्या मे महिन्यात आमचं कुटुंब कोकणात गेलं. दादा, वहिनी, बहीण, तिची मुलं, आणि समुद्र एकदाच पाहिलेली आई. दापोली तालुक्यात समुद्राजवळ एका इमारतीतला फ्लॅट घेतला होता. बुकिंग भाच्याने केलं. तो बारामतीला इंजिनिअरिंगला आहे. आईने नेहमीचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, “आजी, ॲप हाय की.”

ॲपवरचे फोटो मी नीट पाहिले होते. पांढरी हवेशीर बैठक, मोठ्या काचांतून निळं पाणी, खाली तरणतलाव, टेबलावर फळांची टोपली. दोन बेडरूम, आठ माणसांची सोय, सुसज्ज स्वयंपाकघर, समुद्रदर्शन. चार पूर्णांक आठ तारे. पैसे आगाऊ भरले. फलटण, वाठार, वाई, पसरणीचा घाट, महाबळेश्वर, आंबेनळी उतरून पोलादपूर, कशेडी, खेड आणि दापोली असा प्रवास करून पोचेपर्यंत अंधार पडला. दारात कुणी नव्हतं. भिंतीला एक छोटी लोखंडी पेटी, तिला आकडे फिरवायचं कुलूप, आकडा व्हॉट्सॲपवर आलेला. पेटी उघडली, चावी निघाली, दार उघडलं. आई उंबऱ्याबाहेरच थांबली होती. कुणी ‘या’ म्हटल्याशिवाय परक्याच्या घरात कसं शिरायचं, हा तिचा पेच होता. शेवटी वहिनीनेच आत जाऊन तिला ‘या’ म्हटलं.

बैठक फोटोतलीच होती, फक्त निम्मी. रुंद भिंगाने कोपऱ्यात उभं राहून फोटो काढला की दहा बाय बाराची खोली दिवाणखाना होते, हे गाड्या विकणाऱ्यांपासून घरं विकणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. आठ माणसांच्या सोयीत बैठकीतला उघडून पलंग होणारा सोफा धरलेला होता, आणि तो अर्धाच उघडत होता. समुद्र होता; गॅलरीच्या डाव्या टोकाला उभं राहून मान बाहेर काढली की शेजारच्या इमारतीच्या दोन काळ्या टाक्यांच्या मधून त्याची पट्टी दिसायची. सुसज्ज स्वयंपाकघरात एक तवा, रिंग नसलेला कुकर, बोथट सुरी आणि वाइनचे सहा ग्लास. वहिनीने ते ग्लास उजेडात धरून बघितले आणि मुलांना त्यातून दूध दिलं. टीव्ही पासवर्ड मागत होता. भिंतीवर मात्र प्लॅस्टिकमध्ये जडवलेली नियमावली होती, दोन पानी, कलमवार : मासे तळू नयेत, दहानंतर आवाज नको, चादरीला डाग पडल्यास दंड. समुद्रकाठी येऊन मासे तळायचे नाहीत, हे कलम लिहिणाऱ्याची मला खरोखर गाठ घ्यायची होती.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. सकाळी नळाचं पाणी गेलं.

इंदापूर तालुका पर्जन्यछायेतला. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. आमचं जे काही हिरवं आहे ते नीरा डाव्या कालव्याचं, इंग्रजांनी १८८५ च्या सुमारास वीरपासून काढलेल्या पाटाचं. पाण्यासाठी आम्ही जन्मभर भांडत आलो. आवर्तन लांबलं, टेलच्या गावाला पाणी पोचलं नाही, वरच्याने चारी फोडली, हे आमचे वर्षानुवर्षांचे विषय. दापोलीत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण जांभा दगड तो धरून ठेवत नाही, सगळं पाणी उतारावरून समुद्राला मिळतं, आणि मे महिन्यात त्याच कोकणात वाड्यावस्त्यांवर टँकर फिरतात. हे आम्हाला वाचून माहीत होतं. त्या इमारतीची विहीर आटलेली, टँकर दुपारी येणार होता. आणि खाली तरणतलाव काठोकाठ भरलेला. तो फोटोत असतो, त्यामुळे त्याला पाणी लागतंच. तलावाच्या दारावर सोसायटीची पाटी होती : भाड्याने उतरलेल्यांना प्रवेश नाही. वर घरात कोरडे नळ आणि खाली निळंशार पाणी. आई गॅलरीतून बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. मग म्हणाली, “बादलीभर काढून आणू का?”

पाटाला पाणी आलं नाही तर कुणाच्या दारात जायचं हे लासुर्ण्यातल्या शाळकरी पोरालाही कळतं. आधी पाटकरी, मग शाखा अभियंता, तरीही नाही जमलं तर रस्त्यावर बसायचं. काम होईलच असं नाही, पण आरडाओरडा नेमका कुणावर करायचा हे ठरलेलं असतं. इथे दादाने मोबाइल हातात घेतला आणि त्यालाच कळेना, बोलायचं कुणाशी. ज्याला पैसे दिले ते ॲप. त्याच्या मदतकक्षात आधी यंत्र बोलतं, मग निराळ्या शहरातली एक मुलगी, जी दर वाक्याला दिलगिरी व्यक्त करते. ज्याने आमचं बुकिंग स्वीकारलं तो पुण्यातला चालक. तो अशी अनेक घरं मालकांकडून घेऊन चालवतो, मालकाला महिन्याची रक्कम देतो. तो म्हणाला, पाणी ही सोसायटीची बाब. सोसायटीचे सचिव म्हणाले, भाड्याचे धंदे आम्हाला मान्यच नाहीत, तुम्ही मालकाशी बोला. मालक मुंबईला. त्यांचा नंबर कुणी देईना. चालकाचं म्हणणं, मालकांना पाहुण्यांचे फोन आलेले आवडत नाहीत. चार टोकं, आणि मध्ये आम्ही साबण लावलेल्या हातांनी.

पाचवा एक माणूस होता. केअरटेकर. जवळच्या वाडीतला, चाळिशीचा, अशा अकरा फ्लॅटच्या किल्ल्या कमरेला बांधून फिरणारा. त्याचा नंबर नियमावलीच्या तळाशी बारीक अक्षरात होता. तो मोटारसायकलवर दोन कॅन बांधून आला, आपल्या वाडीतल्या विहिरीचं पाणी घेऊन. मग पुन्हा गेला, पुन्हा आणलं. कुकरची रिंग बायकोकडून मागून आणली. आईने त्याला बसवून घेतलं, गाव विचारलं, पोरं किती, आंब्याची कलमं किती, ती कुणाला कराराने दिली. पुढचे दिवस आमचा सगळा कारभार त्याच्यावरच चालला. निघताना आईने त्याला घरचा गूळ दिला, त्याने फणस दिला. गाडीत बसता बसता तो दादाला बाजूला घेऊन म्हणाला, “साहेब, पाच स्टार द्या हां. कमी आले तर पुण्याहून बोलतात मला, पैसे कापतात.”

वहिनीने घाटातच पाच तारे दिले. माझा विरोध होता. घर पाच ताऱ्यांचं नव्हतं, हे तिलाही मान्य होतं. “तारे घराला कुठं दिलेत,” ती म्हणाली.

या प्रसंगानंतर मी या धंद्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो, जाणकारांना विचारत गेलो. वहिनीसारख्या वहिनी जगभर आहेत. बोस्टन विद्यापीठाच्या जॉर्जिओस झेर्वास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये एअरबीएनबीवरची लाखो घरं तपासली, तेव्हा जवळपास ९५ टक्के घरांची सरासरी साडेचार किंवा पाच ताऱ्यांची निघाली. ट्रिपॲडव्हायझर या संकेतस्थळावर हॉटेलांची सरासरी तेव्हा ३.८ होती. जगातल्या घरांची हॉटेलांपेक्षा इतकी बढती झालेली असणं शक्य नाही. हॉटेलला तारे देताना आपण इमारतीला देतो. घराला देताना समोर कुणाचा तरी चेहरा असतो, शिवाय तो माणूसही आपल्याबद्दल लिहिणार असतो. वाईट अनुभव आलेले बरेच जण काही लिहीतच नाहीत. उरतात ते पाच तारे. पाचांपैकी चार पूर्णांक आठ म्हणजे उत्तम असं आपण शाळेच्या हिशेबाने समजतो. या बाजारात ते साधारण आहे, आणि चार पूर्णांक तीन म्हणजे दोनदा विचार करावा. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक काढलं, आयएस १९०००. खोटे, विकतचे अभिप्राय रोखावेत हा हेतू. आमच्या वहिनीचा अभिप्राय खोटा नव्हता, विकतचाही नव्हता. तो कुठल्या मानकात बसवणार?

या धंद्याची सुरुवात मुळात कशी झाली ते पाहण्यासारखं आहे. २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत दोन तरुणांना घरभाडं परवडेना. शहरात एक परिषद होती, हॉटेलं भरलेली. त्यांनी आपल्या बैठकीत हवा भरायच्या गाद्या टाकल्या, सकाळच्या न्याहारीसह भाड्याने दिल्या, आणि पुढच्या वर्षी त्याची कंपनी केली. म्हणजे मूळ कल्पनेत यजमान शेजारच्याच खोलीत होता. गैरसोय त्याच्या देखत होत होती. पुढे पैसा दिसला आणि यजमान बाजूला झाला. कुणी गुंतवणूक म्हणून घर घेतलं, कुणी ते चालवायला घेतलं, कुणी चादरी धुण्याचा ठेका घेतला. आपल्याकडे लोणावळा, अलिबाग, महाबळेश्वर, दापोली, गोवा, सगळीकडे हीच चढण आहे. पुण्यातल्या वर्तमानपत्रांत ‘दुसरं घर’ विकणाऱ्यांच्या जाहिराती येतात : वर्षातले थोडे दिवस तुम्ही राहा, उरलेले दिवस घर तुमच्यासाठी कमावेल. घर कमावेल, पण नळाला पाणी नसताना फोन कोण उचलेल, याचा रकाना जाहिरातीत नसतो.

मोठ्या शहरांनी हे दुखणं आपापल्या परीने ओळखलं. बार्सिलोनाच्या महापौरांनी २०२४ च्या जूनमध्ये जाहीर केलं की शहरातल्या १०,१०१ पर्यटक-फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायचे. त्यांची तक्रार घरभाडी वाढल्याची आहे. पाहुण्यांच्या कुकरच्या रिंगेशी त्यांना कर्तव्य नाही. मला न्यूयॉर्कचा नियम जास्त पटला. तिथे सप्टेंबर २०२३ पासून तीस दिवसांहून कमी मुक्कामासाठी घर द्यायचं तर यजमानाने नोंदणी केलेली हवी, पाहुणे दोनच, आणि पाहुणे असेतोवर यजमान स्वतः त्याच घरात राहत असला पाहिजे. आपल्याकडेही केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची निवास-न्याहारी योजना हेच म्हणते : एक ते सहा खोल्या, आणि मालक कुटुंबासह तिथेच राहणारा. गोव्यात पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा १९८२ पासून आहे. पण आम्ही उतरलो तसला फ्लॅट, ज्यात मालक राहत नाही, चालक येत नाही, तो ना हॉटेलात मोडतो ना घरगुती मुक्कामात. कागदावर ती एक सदनिका, आणि आम्ही त्यातले रात्रीपुरते रहिवासी.

याहून जुना एक कायदा आहे, १८६७ चा. सराई कायदा. रेल्वे नुकती पसरत होती, माणसं अनोळखी गावांत रात्री काढू लागली होती. त्या कायद्याने सराई चालवणाऱ्याचं नाव आणि राहण्याचं ठिकाण जिल्हा मॅजिस्ट्रेटच्या नोंदवहीत घालायला लावलं. खोल्या, ओसऱ्या, गटारं, विहिरी स्वच्छ राखायच्या, भिंती-छप्पर दुरुस्त ठेवायचं, राखणदार नेमायचे, आणि दरपत्रक सगळ्यांना दिसेल असं लावायचं, ही त्याची कर्तव्यं. इंग्रजांना प्रवाशांचा कळवळा होता असं मी म्हणणार नाही. त्यांना चोर आणि पटकी या दोहोंची भीती होती. पण एक गोष्ट त्यांना पक्की कळली होती. छपराखाली परका माणूस झोपणार असेल, तर त्या छपराला जबाबदार अशा एका माणसाचं नाव सरकारदरबारी हवं. आज माझ्या मोबाइलमध्ये त्या फ्लॅटचे चोवीस फोटो आहेत, आणि मालकाचं आडनावही मला ठाऊक नाही.

परतल्यावर भाच्याने तक्रार केली. त्याला कायदा माझ्याहून लवकर सापडला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, अंमल जुलै २०२० पासून. त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे नियम आले. त्यांप्रमाणे अशा प्रत्येक कंपनीला तक्रार अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिन्याभरात. पोच मिळाली, आणि निवारण म्हणून कूपन आलं, जे त्याच ॲपवर पुढच्या मुक्कामाला वापरायचं होतं. भाच्याला ते चालणार होतं. दादाला नाही.

पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. इथे कायदा खरोखर आपल्या बाजूचा आहे, आणि गावाकडच्या माणसांना हे सांगितलं पाहिजे : तक्रार दापोलीला किंवा कंपनीच्या शहरात जाऊन करायची नसते, तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लागतोच असं नाही. मुदत दोन वर्षं. अर्ज ऑनलाइन जातो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून पाहावा, पुष्कळदा कंपन्या तिथेच नमतात. एकच सावधगिरी : घर घेताना त्या पानाचे फोटो मोबाइलमध्ये जपून ठेवावेत, कारण तक्रार गेली की पानावरची भाषा बदलते. आमच्या त्या फ्लॅटचं ‘समुद्रदर्शन’ नंतर ‘समुद्राजवळ’ झालेलं होतं. रिकाम्या नळाचा व्हिडिओ, तोही तारीख-वेळ दिसेल असा. हे सगळं आमच्याकडे होतं. तरीही पुण्याचा आयोग म्हणजे शंभरावर किलोमीटर, आणि सुनावणी पडद्यावर होत असली तरी तारखेला मोकळं राहावं लागतं. तोवर आडसाली लागण सुरू होते, कालव्याचं आवर्तन सुटतं, रात्रीचं पाणी धरायचं असतं. मुक्कामाच्या पैशासाठी कोण भांडत बसणार, या हिशेबावरच पुष्कळांचा धंदा उभा आहे. दादाने अर्ज भरून ठेवला आहे, अजून पाठवलेला नाही.

तक्रार ऐकून घेण्याची एक रीत मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ती आमच्या वाटेवरची नाही. नीरेपलीकडे फलटणवरून जाणाऱ्या माउलींच्या पालखी सोहळ्यातली. तिला समाज आरती म्हणतात. मुक्कामाच्या तळावर संध्याकाळी पालखी येते, दिंड्या गोल उभ्या राहतात, हजारो टाळ वाजत असतात. चोपदार दंड उंच करतो आणि सगळं एकदम थांबतं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. त्या शांततेत तेवढेच टाळ ऐकू येतात. चोपदार त्या दिंडीकडे चालत जातो, ऐकून घेतो, तिथेच सोडवतो किंवा सोडवायचं वचन देतो; मग ते टाळ थांबतात. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात, आणि मग आरती. तक्रार शिल्लक असताना आरती होत नाही. हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला शिस्त लावली त्याला आता जवळपास दोन शतकं होतील. त्या मानाने आमच्या ॲपच्या मदतकक्षातल्या मुलीला दंड कुणी दिलेला नाही; तिला फक्त दिलगिरीची वाक्यं दिली आहेत.

आमच्या वाटेवरून तुकोबांची पालखी जाते. सणसरचा मुक्काम, बेलवाडीचं गोल रिंगण, मग दुपारपर्यंत लासुर्णे आणि पुढे अंथुर्ण्याकडे. आषाढाच्या सुरुवातीच्या त्या दिवसांत आमच्या रस्त्यावरच्या गोठ्यांत, ओसऱ्यांत, शाळेच्या वर्गांत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखालीसुद्धा माणसं टेकलेली असतात. हा आदर्श मुक्काम आहे असं सांगायचा मोह मी आवरतो. चिखल असतो, शौचालयांची रांग असते, पाऊस आला तर राहुटी गळते. पैसे न घेता दिलेली जागा आणि पैसे मोजून घेतलेली जागा यांची तुलनाही न्याय्य नाही. वारकरी फोटो बघून आलेला नसतो.

पण आता आमचा रस्ताच बदलला आहे. पाटस-बारामती-इंदापूर-अकलूज असा तुकाराम महाराज पालखी मार्ग चौपदरी होतोय. त्याचं भूमिपूजन पंतप्रधानांनी ८ नोव्हेंबर २०२१ ला केलं. पुण्याहून माणूस सकाळी निघाला तर न्याहारीला इकडे पोचतो, आणि त्याला इकडे यायला कारणंही मिळाली आहेत. उजनी धरण १९८० ला पुरं झालं, त्यात भीमेकाठची गावं गेली. त्याच फुगवट्यावर आता हिवाळ्यापासून रोहित पक्षी उतरतात, आणि कुंभारगाव-डिकसळच्या बाजूला पुण्या-मुंबईचे कॅमेरे. तिथल्या मासेमारांनी होड्या काढल्या, पक्ष्यांची इंग्रजी नावं पाठ केली, मग आपल्याच घरात पाहुणे ठेवायला लागले. पहाटे पाचला चहा, दुपारी उजनीच्या माशांचा रस्सा. गाद्या साध्या, न्हाणीघर कधी अंगणापलीकडे. पण माणूस घरातच. कडबनवाडीच्या माळावर वन विभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे, चिंकारा आणि नशीब असेल तर लांडगा. बारामतीजवळ पळशीवाडीला पांडुरंग तावरे यांनी कृषी पर्यटनाचा प्रयोग केला त्याला वीसेक वर्षं झाली. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं, एक एकरवाल्यालाही त्यात वाव आहे.

म्हणजे आजवर पाहुणे असलेलो आम्ही यजमान व्हायच्या बेतात आहोत. आणि इथेच मला काळजी वाटते. कुंभारगावच्या घरांपेक्षा आमच्या भागात दुसरीच चाल जास्त दिसते. रस्त्यालगतचं रान तारेचं कुंपण घालून, हिरवळ लावून, निळ्या फरशीचा तलाव बांधून ‘फार्महाउस’ होतं. मालक पुण्याला, राखायला मराठवाड्यातलं एक जोडपं. तलाव भरायला बोअर, नाहीतर पाटाचं पाणी. ज्या पाण्यासाठी टेलचा शेतकरी रात्री बॅटरी घेऊन बांधावर बसतो, त्यात शनिवारी पुण्याची मुलं पोहणार. त्यांनी पोहावं, त्यांनी पैसे भरलेले आहेत. पण सोमवारी मोटर जळाली आणि मंगळवारी दुसरं कुटुंब आलं, तर ते कुणाला फोन करणार? त्या जोडप्यालाच. आणि निघताना ते जोडपं म्हणेल, पाच स्टार द्या.

माझा एक चुलतभाऊ वालचंदनगर रस्त्याच्या रानात दोन खोल्या बांधतोय. पाया झाला, भिंती लिंटलपर्यंत आल्यात. कोकणची गोष्ट त्याने आमच्याकडून इतक्या वेळा ऐकली आहे की कुकरच्या दोन जादा रिंगा त्याने आधीच आणून ठेवल्या आहेत. मी त्याला सुचवलं, दारावर दरपत्रक लाव आणि खाली स्वतःचं नाव, नंबर लिही. दरपत्रकाला तो तयार आहे. नंबर लिहायला काकू तयार नाहीत; लोक रात्री-अपरात्री फोन करतील म्हणतात. करू देत, मी म्हटलं. “तुझ्या मोबाइलवर येऊ देत मग,” काकू म्हणाल्या. त्याला नाव ‘लेक व्ह्यू’ ठेवायचं आहे. गच्चीवरून शेजाऱ्याचं शेततळं दिसतं, एवढंच लेक. यावर अजून वाद मिटलेला नाही.

दुसरी अडचण मात्र खरी आहे. पालखीच्या दिवशी त्या खोल्या पैशाने द्यायच्या नाहीत, वारकऱ्यांना मोकळ्या ठेवायच्या, हे काकूंनी वीट रचायच्या आधीच ठरवलंय, आणि त्यालाही ते मान्य आहे. ॲपवर घर चढवताना पुढच्या वर्षभराचे बंद दिवस भरून द्यावे लागतात. पालखी येते तिथीने, ॲपला लागते तारीख, आणि पुढच्या वर्षीचं पंचांग अजून घरात आलेलं नाही. तोवर त्याने अख्खा जून-जुलै बंद करून ठेवलाय.